मोनॅकोच्या ग्रेसला पडद्यावर जे मिळालं नाही

१४ मे २०१४ रोजी कान चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन ‘ग्रेस ऑफ मोनॅको’ने झालं. हॉलिवूडची अव्वल अभिनेत्री ऐन भरात असताना सिनेमा सोडते आणि एका चिमुकल्या राज्याच्या राजघराण्यात सून म्हणून जाते, या खऱ्या गोष्टीवरचा हा चरित्रपट. ग्रेस केलीच्या भूमिकेत निकोल किडमन, प्रिन्स रेनिएच्या भूमिकेत टिम रॉथ. दिग्दर्शक ऑलिव्हिए दाहाँ. त्याच्या फ्रेंच गायिका एडिथ पियाफवरच्या चरित्रपटाने मारियाँ कोतियारला ऑस्कर मिळवून दिलं होतं. अराश अमेलची पटकथा २०११ मध्ये ‘ब्लॅक लिस्ट’वर होती, म्हणजे हॉलिवूडमधल्या अजून न बनलेल्या पण वाखाणल्या गेलेल्या पटकथांच्या यादीत. स्थळही जुळून आलं होतं. ग्रेस आणि रेनिए पहिल्यांदा भेटले ते १९५५ च्या कान महोत्सवाच्याच दिवसांत, आणि मोनॅको तिथून तासाभराच्या वाटेवर.

उद्घाटनाला राजघराण्यातलं कोणी फिरकलं नाही. समीक्षकांनी सिनेमा अक्षरशः झोडपला. अमेरिकेत, म्हणजे ग्रेसच्या माहेरी, तो थिएटरला लागलाच नाही. वर्षभराने, २५ मे २०१५ ला, ‘लाइफटाइम’ या टीव्ही वाहिनीवर तो दाखवण्यात आला.

चांगली नटी, नावाजलेला दिग्दर्शक, जगाला पाठ असलेली गोष्ट, सगळं हाताशी असताना असं का व्हावं? इतिहासाची मोडतोड केली म्हणून, हे उत्तर लगेच मिळतं. मला ते पुरेसं वाटत नाही. मोडतोड सगळेच चरित्रपट करतात, त्यातले काही उत्तमही असतात. या सिनेमाने ती भलत्या जागी केली. पटकथाकाराने ग्रेसच्या आयुष्यातलं १९६२ हे वर्ष उचललं, ते अगदी अचूक होतं. पण त्या वर्षी तिच्या हातून जे निसटलं ते मागे सारून त्याने तिच्यावर देश वाचवण्याचं काम सोपवलं. तिथे सिनेमा हातचा गेला. हे कसं घडलं ते नीट मांडायचं तर आधी त्या वर्षात प्रत्यक्ष काय झालं होतं ते बघायला हवं, कारण खरी गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा कितीतरी नाट्यमय आहे.

लग्न: राज्याच्या गरजेचं आणि स्टुडिओच्या सोयीचं

ग्रेस केलीचा जन्म १२ नोव्हेंबर १९२९ चा, फिलाडेल्फियाचा. वडील जॅक केली विटांच्या बांधकामाच्या धंद्यातून लक्षाधीश झालेले, नौकानयनात ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेले. ग्रेसने अवघे ११ सिनेमे केले आणि त्यातल्या तिघांचा दिग्दर्शक होता आल्फ्रेड हिचकॉक. ‘द कंट्री गर्ल’साठी १९५५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. एका फ्रेंच साप्ताहिकाने फोटोंसाठी जुळवून आणलेली रेनिएची भेटही त्याच वर्षीची. जानेवारी १९५६ मध्ये साखरपुडा, एप्रिलमध्ये लग्न.

रेनिएला लग्न करणं भागच होतं. १९१८ च्या करारानुसार मोनॅकोच्या गादीला वारस नसेल तर राज्य फ्रान्सच्या संरक्षणाखाली जाणार होतं. म्हणजे तिथल्या राजाचं लग्न हा घरातला मामला नव्हताच. ग्रेसच्या आधी रेनिएचं प्रेम होतं झिझेल पास्काल या फ्रेंच अभिनेत्रीवर. तिला मूल होणार नाही असं सांगण्यात आलं आणि ते लग्न झालं नाही. पुढे झिझेलने एका अभिनेत्याशी लग्न केलं आणि १९६२ मध्ये तिला मुलगी झाली. ज्या वर्षाभोवती आपला हा सिनेमा फिरतो, त्याच वर्षी. पटकथा लिहिणाऱ्याला अशी एखादी गोष्ट सापडली तर त्याला झोप लागू नये. सिनेमात मात्र तिला जागा नाही.

केली कुटुंबाने वीस लाख डॉलर हुंडा दिला, असं चरित्रकार सांगतात. हुंडा हा शब्द आपल्याला फार ओळखीचा आहे, म्हणून त्यातली बोच इथे वेगळी समजावून सांगायला नको. लग्नाचा पोशाख एमजीएम स्टुडिओच्या वेशभूषाकार हेलन रोझ यांचा. एमजीएमशी ग्रेसचा करार अजून संपलेला नव्हता. स्टुडिओने तिला जाऊ दिलं आणि लग्नाचं चित्रण करण्याचा हक्क घेतला. १८ एप्रिलला नोंदणी विवाह, १९ ला चर्चमधला, आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या गर्दीत. ग्रेसच्या आयुष्यावरचा पहिला सिनेमा म्हणजे खरं तर तिचं लग्नच, तिच्याच स्टुडिओने काढलेला. स्टुडिओतून सुटून ती थेट दुसऱ्या एका करारात शिरली, एवढं या एका तपशिलात दिसतं.

१९६२

मोनॅकोत १८६९ पासून प्राप्तिकर नाही. कॅसिनोच्या उत्पन्नावर राज्य चालत होतं, पुढे परदेशी पैशावर चालू लागलं. फ्रेंच कंपन्या आणि श्रीमंत फ्रेंच माणसं कागदोपत्री मोनॅकोची रहिवासी होऊन फ्रान्सचा कर चुकवू लागली. अल्जीरियाच्या युद्धातून बाहेर पडणाऱ्या फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना हे खपणारं नव्हतं. जानेवारी १९६२ मध्ये मोनॅकोच्या रेडिओ-टीव्ही कंपनीच्या समभागांवरून ठिणगी पडली. रेनिएने आपल्या राज्यातल्या फ्रेंच मुख्य मंत्र्याला, एमिल पेलतिएला, पदावरून काढलं. फ्रान्सने १९५१ चा परस्पर करार मोडण्याची सहा महिन्यांची नोटीस दिली.

आणि याच मार्चमध्ये राजवाड्याकडून जाहीर झालं, की प्रिन्सेस ग्रेस हिचकॉकच्या ‘मार्नी’ या सिनेमात काम करणार आहे. शूटिंग सुट्टीच्या काळात, मानधन मोनॅकोतल्या गरजू मुलांसाठी.

हा निर्णय काय होता याचा जरा विचार करा. सहा वर्षांत तिने दोन मुलांना जन्म दिला होता. त्यातला एक मुलगा होता, म्हणजे वारसाची काळजी मिटली होती. फ्रेंच ती अजून शिकतच होती. वय ३२. अभिनेत्रीच्या आयुष्यात हे वय म्हणजे मोठ्या भूमिकांची सुरुवात. आणि ज्या दिग्दर्शकाने तिला सर्वांत चांगलं ओळखलं होतं तो तिच्यासाठी भूमिका घेऊन आला होता. मार्नी ही चोरी करणारी, खोटं बोलणारी, पुरुषाच्या स्पर्शाने गोठून जाणारी बाई. ग्रेसने तोवर केलेल्या कुठल्याही भूमिकेपेक्षा अवघड. ती हो म्हणाली. नवराही हो म्हणाला.

मग सगळ्या बाजूंनी गलका झाला. आपली प्रिन्सेस पडद्यावर परपुरुषाचं चुंबन घेणार, हे मोनॅकोच्या लोकांना रुचलं नाही. एमजीएमने जुन्या कराराचा मुद्दा उकरून काढला. फ्रान्सशी तणाव असताना राजाची बायको हॉलिवूडला निघाली, तर घरात काही बिनसलंय असा अर्थ निघणार होता. जूनपर्यंत ग्रेसने माघार घेतली. १८ जूनला तिने हिचकॉकला पत्र लिहिलं, की हा सिनेमा सोडावा लागणं तिच्यासाठी काळीज तुटण्यासारखं आहे. हिचकॉकचं उत्तर आलं. त्याने तिची समजूत घातली, तिने घेतलेला निर्णय हाच एकमेव निर्णय होता असं म्हटलं, आणि पुढे लिहिलं: शेवटी तो एक सिनेमाच तर होता.

हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी थांबायला होतं. सांत्वन करणारा माणूस आयुष्यभर सिनेमाखेरीज दुसरं काही न केलेला. ज्या बाईचं सांत्वन होतंय तिने सिनेमासाठी एकदाच मागे वळून पाहिलं आणि तेवढंही तिला मिळालं नाही. दोघांनाही माहीत आहे की तो ‘एक सिनेमाच’ नव्हता. ‘मार्नी’ पुढे टिपी हेड्रनने केला आणि तो १९६४ मध्ये आला.

राजकीय बाजू थोडक्यात सांगतो. १२ ऑक्टोबर १९६२ च्या मध्यरात्री फ्रेंच कस्टमचे अधिकारी मोनॅकोच्या हद्दीवर उभे राहिले आणि गाड्या थांबवू लागले. रणगाडे नव्हते, उपासमार नव्हती. वाहतूक तुंबली आणि दहशत बसली, तेवढं पुरे होतं. डिसेंबरमध्ये रेनिएने नवी राज्यघटना दिली. तीत स्त्रियांच्या मताधिकाराची तरतूद होती आणि फाशीची शिक्षा रद्द झाली होती. १८ मे १९६३ ला तडजोड झाली. १३ ऑक्टोबर १९६२ ला मोनॅकोत ५ वर्षं पूर्ण न झालेल्या फ्रेंच रहिवाशांना फ्रान्सचा प्राप्तिकर लागू झाला. ज्या कंपन्यांची २५ टक्क्यांहून जास्त उलाढाल मोनॅकोबाहेर होती, त्यांना नफ्यावर कर बसला. रेनिए बराचसा नमला आणि राज्य टिकलं. भाषणाने काही झालं नाही. वकील, कारकून आणि आकडेमोड यांनी झालं.

पटकथेने काय केलं

सिनेमा सुरू होतो १९५६ च्या शूटिंगवर, ग्रेसच्या शेवटच्या दिवशी. मग हिचकॉक ‘मार्नी’ घेऊन मोनॅकोत येतो. इथवर घडी चांगली बसते. त्यानंतर पटकथा दोन धागे विणायला घेते: ग्रेसला सिनेमात परतायचंय आणि मोनॅकोला फ्रान्सपासून वाचायचंय. दोन्ही धागे एकमेकांत अडकले की नाट्य निर्माण होईल, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण दुसरा धागा फुगत जातो. रेनिएची बहीण अँतोआनेत फ्रान्सशी संधान बांधून भावाला गादीवरून खाली खेचायला बघते. अँतोआनेतचे आपल्या मुलाला गादी मिळवून देण्याचे मनसुबे खरे होते, पण ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे, ग्रेस मोनॅकोत येण्याच्याही आधीचे. पटकथेने ते दहा वर्षं पुढे ओढले, म्हणजे ग्रेसला कटाचा छडा लावता येईल. मग ग्रेस हिचकॉकला नकार कळवते, कट उघडकीला आणते आणि रेडक्रॉसचा मोठा समारंभ भरवते. त्या समारंभाला खुद्द द गॉल येतात. ती प्रेमावर आणि परीकथेवर भाषण करते. सभागृह हेलावतं आणि संकट टळतं.

द गॉल मोनॅकोला अधिकृत भेटीवर आले होते १९६० मध्ये. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ते अध्यक्षाच्या थेट निवडणुकीवरच्या सार्वमताच्या धामधुमीत होते. रेडक्रॉसचा तो समारंभ दरवर्षीचा आणि उन्हाळ्यातला. ग्रेस १९५८ पासून मोनॅको रेडक्रॉसची अध्यक्ष होती हे मात्र खरं आहे, आणि ते काम तिने मनापासून केलं.

या चुका मोजत बसण्यात मला रस नाही. मला खटकतं ते दुसरंच. खऱ्या गोष्टीत ग्रेसला नकार द्यावा लागतो आणि बदल्यात काहीही मिळत नाही. सिनेमात ती नकार देते आणि बदल्यात तिला एक देश, नवरा आणि टाळ्या मिळतात. एका बाईचा न भरून निघणारा तोटा पटकथेने फायदेशीर सौद्यात बदलला. शिवाय सौदा असा, की ‘संसार सांभाळलास ना, बघ किती चांगलं झालं’ असं प्रेक्षकांनीही म्हणावं. काम सोडून घरी बसलेल्या बायकांना हे आपल्याकडेही ऐकवलं जातं, म्हणून ते जास्त टोचतं. सिनेमाच्या सुरुवातीला ग्रेसचंच वाक्य झळकतं: माझं आयुष्य परीकथा आहे, ही कल्पनाच एक परीकथा आहे. आणि पुढचे दीडेक तास सिनेमा ती परीकथाच रंगवत राहतो.

एक प्रसंग मात्र अस्सल आहे. त्यासाठी मी हा सिनेमा कार्यशाळेत दाखवतो आणि दाखवत राहीन. डेरेक जेकोबीने साकारलेला एक वयस्कर सरदार ग्रेसला दरबारी रीतिरिवाज शिकवतो. तो एकेक कार्ड वर धरतो, त्यावर एकेका भावनेचं नाव. ग्रेसने चेहऱ्यावर ती भावना आणायची. ती आणते, तो मान हलवतो, पुढचं कार्ड. खुर्चीत बसलेली बाई, समोर कार्डं धरलेला म्हातारा, आणि चेहऱ्यावरून भराभर सरकणारे भाव. किडमन इथे फार बारीक काम करते. आधी ग्रेस हे खेळासारखं घेते. मग तिचा हात बसतो, कारण हीच तर तिची कला. आणि तिच्या ध्यानात येऊ लागतं की हे ऑडिशन आहे, ज्या भूमिकेसाठी आहे तिला शेवटचा दिवस नाही, आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणणार नाही. कोणी काही बोलत नाही. सिनेमा या खोलीत राहिला असता तर आज मी वेगळा लेख लिहीत असतो.

पण कॅमेरा कुठेच थांबत नाही. दाहाँ किडमनच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की कपाळ आणि हनुवटी फ्रेमबाहेर राहतात. एकदा, दोनदा, दहादा. क्लोज-अप हा राखून वापरायचा ऐवज आहे. हिचकॉकने ग्रेसवर तो कसा वापरला ते ‘रिअर विंडो’मध्ये बघा. पहिल्यांदा ती दिसते तेव्हा झोपलेल्या जेम्स स्ट्यूअर्टवर आधी तिची सावली सरकते, मग तिचा चेहरा आपल्याकडे येतो, मग चुंबन. एका शॉटची केवढी तयारी! दाहाँ तेच सारखं करतो, म्हणून शेवटच्या भाषणात कॅमेरा पाणावलेल्या डोळ्यांना भिडतो तेव्हा आपल्याला नवं काही दिसत नाही. किडमनवर टीका झाली ती तिच्या वयावरून. ग्रेस तेव्हा ३२ ची, किडमन पंचेचाळिशीची. मला वयाचा मुद्दा गैरलागू वाटतो. तिला खेळायला खोली एवढीशी दिली आणि भिंती चेहऱ्याला चिकटवल्या, हे तिच्या वाट्याला आलं.

घराण्याची हरकत

जानेवारी २०१३ मध्ये, शूटिंग चालू असतानाच, ग्रेसची तिन्ही मुलं, आल्बर्ट, कॅरोलाइन आणि स्टेफनी यांनी निवेदन काढलं. सिनेमात मोनॅकोच्या इतिहासातलं एक पान नव्याने लिहून विनाकारण चमकवलंय, त्यात मोठ्या चुका आहेत, काही प्रसंग निव्वळ काल्पनिक आहेत, आणि आम्ही सुचवलेले बदल विचारात घेतले गेले नाहीत, असा त्यांचा रोख होता. कानच्या आधी त्यांनी पुन्हा सांगितलं की हा चरित्रपट मानताच येणार नाही. निर्मात्यांच्या बाजूने सिनेमातच पाटी होती: खऱ्या घटनांवर आधारलेली काल्पनिक गोष्ट. दाहाँने सांगून टाकलं की तो इतिहासकारही नाही आणि पत्रकारही नाही, तो कलावंत आहे.

मराठी वाचकाला हे संवाद पाठ असतील. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या काशीबाई आणि मस्तानी यांना ‘पिंगा’वर एकत्र नाचवल्याबद्दल पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा आपण ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ या दोन शब्दांवर आठवडेच्या आठवडे भांडलो. त्या भांडणात एक गोष्ट हमखास हरवते. वंशजांना राग येतो तो घराण्याची अब्रू गेली म्हणून. कलावंत उत्तर देतो ते स्वातंत्र्य म्हणून. मधे ज्या बाईचं आयुष्य आहे तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. मोनॅकोच्या बाबतीत तेच झालं. मुलांची हरकत मुख्यतः वडिलांच्या आणि राज्याच्या चित्रणावर होती. ‘आमच्या आईला काम करायचं होतं आणि तिला ते करता आलं नाही’ हे ना त्यांच्या निवेदनात होतं, ना दिग्दर्शकाच्या उत्तरात.

मुलांच्या बाजूने मला एक सांगावंसं वाटतं. ग्रेस १४ सप्टेंबर १९८२ ला गेली, आदल्या दिवशीच्या मोटार अपघातातल्या जखमांनी. गाडीत शेजारी स्टेफनी होती, १७ वर्षांची. त्यानंतर या मुलांनी आईबद्दल काय काय छापून आलेलं वाचलं असेल! पडद्यावर आणखी एक बनावट आई बघायची त्यांची तयारी नव्हती, तर त्यात नवल नाही. त्यांना दोष देताना आपण हात जरा आखडता घ्यावा.

कात्री कोणाची

आणखी एक भांडण आतच चालू होतं. अमेरिकेतले हक्क घेतलेल्या हार्वी वाइनस्टीनला सिनेमा वेगळ्या तऱ्हेने कापून हवा होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये दाहाँने फ्रेंच वृत्तपत्राला उघडच सांगितलं की सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत, एक माझी आणि एक त्याची, आणि त्याची भयंकर आहे. नोव्हेंबर २०१३ ची तारीख मार्च २०१४ वर गेली, तीही हुकली. कानमध्ये दाहाँची आवृत्ती दाखवली गेली. एकाला परीकथा हवी होती आणि एकाला थ्रिलर, असं वर्णन करायचा मोह होतो. पण पडद्यावर आज दिसतं त्यात दोन्ही आहे आणि कुठलंच धड नाही. जहाजसम्राट ओनासिस, ऑपेरा गायिका मारिया कॅलास, राजवाड्याचा पाद्री टकर, सगळे येतात, एखादं वाक्य टाकतात आणि जातात. कॅलास तर बघवत नाही, कारण कामासाठी जीव टाकणारी दुसरी बाई ग्रेससमोर बसली आहे आणि पटकथेला त्या दोघींत बोलण्यासारखं फारसं काही सुचत नाही.

टीव्हीवर आल्यावर सिनेमाला एमीचं नामांकन मिळालं, किडमनला अभिनेत्यांच्या संघटनेच्या पुरस्काराचं. म्हणजे छोट्या पडद्यावर, कमी अपेक्षा ठेवून बघितलं तर त्यात बघण्यासारखं काही होतं. हे मला पटतं.

आपल्याकडचं एक उदाहरण

अभिनेत्री आणि राजघराणं हा विषय आपल्याला परका नाही. मोनॅकोच्या लग्नाआधी सात वर्षं रिटा हेवर्थने प्रिन्स अली खानशी लग्न केलं होतं. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणाऱ्या तिसऱ्या आगाखानांची ती सून. ते लग्न टिकलं नाही आणि ती सिनेमात परतली. पण ग्रेसच्या चरित्रपटाशेजारी ठेवून बघण्यासारखा सिनेमा आहे तो श्याम बेनेगल यांचा २००१ चा ‘झुबैदा’.

जोधपूरचे महाराज हनवंत सिंग यांच्याशी लग्न केलेल्या झुबैदा बेगम या मुंबईच्या सिनेमातल्या अभिनेत्रीची ही गोष्ट. २६ जानेवारी १९५२ ला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या धामधुमीत, विमान अपघातात दोघंही गेली. पटकथा लिहिली समीक्षक खालिद मोहम्मद यांनी, झुबैदाच्या पहिल्या लग्नातल्या मुलाने. सिनेमात जोधपूरचं फतेहपूर झालं, महाराजांचं नाव विजयेंद्र सिंग झालं. नायिकेचं नाव तेवढं तेच राहिलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. घराण्याला नावाच्या आड जागा दिली, आईला मात्र लपवलं नाही.

आणि गोष्ट सांगण्याची रीत बघा. मोठा झालेला मुलगा रियाज आईला शोधत फिरतो. आजी एक सांगते, आईची मैत्रीण रोझ दुसरं, थोरली महाराणी मंदिरा देवी तिसरं. बाप स्टुडिओतून मुलीला ओढत घरी नेतो, तिचं नाचणं बंद होतं, आणि तिथून जे तुटतं ते महालात जाऊनही सांधत नाही. करिश्मा कपूरची झुबैदा हट्टी आहे, हेवा करणारी आहे, कधी कधी अन्यायानेही वागते. रेखाने केलेल्या मंदिरेला सवत असूनही आब आहे. शेवटच्या क्षणी झुबैदा आपणच विमानात जाणार म्हणून अडून बसते, आणि त्या हट्टाचा अर्थ सिनेमा आपल्याला सांगत नाही. मुलालाच माहीत नाही, तर कॅमेऱ्याला कुठून माहीत असणार?

‘ग्रेस ऑफ मोनॅको’ला सगळं माहीत आहे, हीच त्याची अडचण. बंद खोलीत नवरा-बायको काय बोलले, द गॉलच्या मनात काय आलं, ग्रेसने कधी आणि का ठरवलं, सगळ्याची उत्तरं तयार. ‘मार्नी’ सोडण्यामागे लोकांचा राग किती, नवऱ्याचा शब्द किती, फ्रान्सचं दडपण किती आणि तिची स्वतःची भीती किती, याचं वजन कोणीच करू शकलेलं नाही. चरित्रकारही यावर एकमत नाहीत. ती अनिश्चितता हाच या गोष्टीचा प्राण होता. मार्च ते जून १९६२ हे चार महिने, एक राजवाडा, एक पटकथा टेबलावर पडलेली, आणि दर आठवड्याला ती करण्याचं एकेक कारण गळत चाललेलं. एवढ्यावर सिनेमा उभा राहिला असता. द गॉल रेडिओवर ऐकू आले असते तरी भागलं असतं.

विद्यार्थ्यांना मी हेच काम देतो: १८ जूनच्या पत्राआधीची रात्र लिहा. अट एकच, ग्रेसने कोणालाही वाचवायचं नाही. बहुतेकांचे पहिले खर्डे रडण्याने सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात कोणीतरी तिला पटकथेतले मार्नीचे संवाद मोठ्याने वाचायला लावतं, आणि तिथून लिखाण जिवंत होतं.

१९६२ नंतरचंही बरंच या सिनेमाच्या हद्दीबाहेर राहिलं. ग्रेसने अभिनय पुरता सोडला नव्हता, कडेकडेने ती परतत राहिली. १९७६ मध्ये एडिंबरा महोत्सवात तिने रंगमंचावर कवितावाचन केलं आणि मग अनेक गावी करत राहिली. त्याच वर्षी ती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या संचालक मंडळावर गेली. जिचे करार एकेकाळी स्टुडिओ ठरवायचा, ती आता स्टुडिओचे निर्णय घेणाऱ्यांत बसली. १९७७ मध्ये रशियन बॅले शाळेवरच्या एका माहितीपटाचं निवेदन केलं. त्याचा एक दिग्दर्शक होता रॉबर्ट डॉर्नहेल्म. त्याच्याबरोबर तिने पुढे मोनॅकोतच ‘रीअरेंज्ड’ नावाचा छोटा सिनेमा केला, त्यात ती स्वतःचीच भूमिका करत होती. तो वाढवून अमेरिकन टीव्हीवर आणायचं बोलणं चाललं होतं. १९८२ च्या सप्टेंबरनंतर ते थांबलं आणि तो सिनेमा सर्वांसाठी कधी प्रदर्शित झाला नाही.